फ्रीजवाल: रक्त किती, गोठा किती? लष्करी गोठ्यांवरील संकरित गायींच्या दुधाचा प्रकरण अभ्यास

एखादी संकरित गाय वेताला साडेतीन हजार लिटर दूध देते, तेव्हा त्यातले किती दूध तिच्या बापाकडून आले, किती आईकडून, किती गव्हाणीतल्या चाऱ्यामुळे आणि किती ती ज्या महिन्यात व्याली त्या महिन्यामुळे, हे त्या एका गायीकडे पाहून कधीच सांगता येत नाही. हा हिशेब मांडायला वेगवेगळ्या हवामानांतले अनेक गोठे, त्या सगळ्यांवर वापरलेले तेच वळू आणि वर्षानुवर्षे न चुकता लिहिलेल्या दुधाच्या नोंदी लागतात. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचे प्रसंग मोजकेच आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा प्रसंग लष्कराच्या दूध-गोठ्यांवर आला. तेथे विदेशी फ्रीजियन आणि देशी साहिवाल यांच्या संकरातून घडवलेल्या ‘फ्रीजवाल’ या गायीचे प्रकरण येथे मांडले आहे. महाराष्ट्रात आज संकरित गाय विकत घेताना पहिला प्रश्न ‘एचएफ किती टक्के?’ हा, म्हणजे होल्स्टिन फ्रीजियन या विदेशी जातीचे रक्त किती, हा विचारला जातो. त्या प्रश्नाने गायीविषयी नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसरीकडे होते.

पार्श्वभूमी

पहिला लष्करी गोठा १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबाद येथे सुरू झाला. छावणीतील सैनिकांना स्वच्छ दूध मिळावे हा त्यामागचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर या गोठ्यांची संख्या १३० आणि त्यांवरील जनावरांची संख्या सुमारे ३० हजार झाली. पुढे गोठे कमी होत गेले, तरी वर्षाकाठी सुमारे साडेतीन कोटी लिटर दूध ते पुरवत असत. उत्तर भारतातील गोठ्यांवर प्रामुख्याने साहिवाल गायी होत्या. साहिवाल ही मूळची आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या भागातली, उष्णता सोसणारी, गोचिडांना दाद न देणारी आणि देशी गायींत दुधाला उजवी जात आहे. तिच्यावर युरोपीय वळूंचा, विशेषतः फ्रीजियन वळूंचा संकर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच होत होता. त्यामुळे गोठ्यांवर अर्ध्या विदेशी रक्ताच्या, पाऊण रक्ताच्या, सात-अष्टमांश रक्ताच्या अशा सर्व प्रकारच्या गायी एकाच वेळी दावणीला होत्या.

या गायींच्या नोंदींवर आधारलेला एक तुलनात्मक अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध झाला. दूध, वयात येणे, दोन वेतांमधले अंतर आणि जगण्याचे प्रमाण या सगळ्यांचा एकत्र विचार करता विदेशी रक्त अर्ध्यापासून पाच-अष्टमांशापर्यंत असलेल्या गायी सरस ठरतात आणि त्यापुढे रक्त वाढवल्याने त्या प्रमाणात लाभ होत नाही, असा त्याचा रोख होता. पुढे १९८५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि संरक्षण मंत्रालय यांनी मिळून फ्रीजवाल प्रकल्प हाती घेतला. होल्स्टिन फ्रीजियनचे रक्त पाच-अष्टमांश म्हणजे ६२.५ टक्के, साहिवालचे तीन-अष्टमांश म्हणजे ३७.५ टक्के, आणि पूर्ण वयाच्या गायीने ३०० दिवसांच्या वेतात ४ टक्के फॅटचे ४,००० किलो दूध द्यावे, असे उद्दिष्ट ठरले. प्रकल्पाचे शास्त्रीय काम मेरठ येथील संस्थेकडे होते. आज ती केंद्रीय गोवंश अनुसंधान संस्था म्हणून ओळखली जाते.

पाच-अष्टमांशच का?

शुद्ध साहिवाल गाय आणि शुद्ध फ्रीजियन वळू यांच्या पहिल्या पिढीत प्रत्येक जनुकजोडीतला एक जनुक साहिवालचा आणि दुसरा फ्रीजियनचा असतो. संकरजोम, म्हणजे दोन्ही जातींच्या सरासरीहून संकरित संततीत दिसणारा जास्तीचा जोर, या मिश्र जोड्यांमुळे येतो आणि पहिल्या पिढीत तो पूर्ण असतो. हीच अर्धी गाय पुन्हा शुद्ध फ्रीजियन वळूने भरवली, तर जन्मणारी कालवड पाऊण रक्ताची होते, पण तिच्यातल्या मिश्र जोड्या निम्म्यावर येतात. पाऊण रक्ताची गाय आणि अर्ध्या रक्ताचा वळू यांच्यापासून पाच-अष्टमांशाची संतती मिळते. तिच्यातही मिश्र जोड्या ५० टक्केच असतात आणि पुढे याच गायी आपापसांत भरवत गेल्यास हे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवर स्थिरावते. म्हणजे रक्त वाढवताना विदेशी जातीची दुधाची कुवत मिळवली जाते आणि त्याच वेळी संकरजोम गमावला जातो.

यातली देवाणघेवाण कशी बदलते हे एका मानीव हिशेबाने पाहू. समजा, उत्तम चारा, सावली आणि वेळेवर उपचार असलेल्या गोठ्यावर शुद्ध फ्रीजियन आणि साहिवाल यांच्या दुधात २,००० किलोंचे अंतर आहे आणि पूर्ण संकरजोम ५०० किलोंचा आहे. अर्ध्यावरून पाऊण रक्तावर गेल्यास अंतराच्या चौथ्या भागाचे म्हणजे ५०० किलो मिळतील, संकरजोमाचे २५० किलो जातील आणि निव्वळ २५० किलोंचा फायदा होईल. आता गोठा बदलू. कोरडा कडबा, पत्र्याचे छप्पर आणि अपुरे पाणी अशा ठिकाणी फ्रीजियन आपली कुवत दाखवूच शकत नाही. तेथे दोन जातींमधले अंतर ८०० किलोच उरले असे धरले, तर पाऊण रक्तामुळे २०० किलो मिळतील, संकरजोमाचे २५० जातील आणि गाय ५० किलोंनी मागे पडेल. जनावर तेच, रक्ताची टक्केवारी तीच, आणि निष्कर्ष मात्र उलटा. दोन जातींमधले अंतर हा जातींचा कायमचा गुण नसतो, ते अंतर गोठा ठरवत असतो. जनुके आणि परिस्थिती यांच्या परस्परसंबंधाविषयी मोठमोठे विवेचन करता येईल, परंतु गोठेवाल्याला त्याचा अर्थ एवढ्या एका हिशेबातून कळू शकतो.

या हिशेबात केवळ दूध धरले आहे. गाभण राहण्यातली दिरंगाई, कासदाह, गोचीडताप आणि वासरांची मरतूक यांची भर घातली की जास्त रक्ताची बाजू आणखी पडती होते. मग अर्ध्या रक्तावरच का थांबले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिल्या पिढीची गाय पुन्हा पुन्हा मिळवायची तर शुद्ध साहिवाल गायींचा मोठा कळप कायम सांभाळावा लागतो आणि हजारो गायींच्या यंत्रणेला ते परवडणारे नव्हते. आपापसांत भरवूनही टिकणारी, स्वतःचे वळू स्वतः देणारी एक स्थिर संकरित जात हवी होती, आणि पाच-अष्टमांश ही त्यासाठी केलेली व्यवहार्य तडजोड होती.

परिस्थितीचा वाटा

प्रकल्पातील गोठे अंबाला आणि मेरठपासून झाशी, जबलपूर, सिकंदराबादपर्यंत पसरलेले होते. आपल्या पिंपरीचा लष्करी गोठाही याच यंत्रणेतला होता. व्यवस्थापनाचे नियम एका खात्याचे, नोंदवह्यांचा नमुना एक, रक्ताचे प्रमाण एक, आणि तरीही गोठ्यागोठ्यांच्या सरासरीत ठळक फरक पडत असे. फ्रीजवाल गायींच्या नोंदींची संख्याशास्त्रीय छाननी जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा गोठा, विण्याचे वर्ष किंवा कालखंड आणि वेताचा क्रमांक हे घटक दुधावर परिणाम करताना दिसत राहिले. ऋतूचा परिणाम काही विश्लेषणांत स्पष्ट आला, काहींत धूसर राहिला. याचे एक कारण असे, की सिंचित वैरण, पंखे आणि खुराकाची तरतूद असलेल्या संघटित गोठ्यावर ऋतूचे चटके बऱ्याच अंशी बोथट केले जातात. शेतकऱ्याच्या दोन-चार गायींच्या गोठ्यावर ती सोय नसते, म्हणून तेथे ऋतू आपला पूर्ण हिशेब वसूल करतो.

उष्णतेचा ताण मोजण्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. कोरड्या आणि ओल्या तापमापीवरील अंशांची बेरीज ०.७२ ने गुणून त्यात ४०.६ मिळवले की तो येतो. सर्वसाधारणपणे निर्देशांक ७२ च्या वर गेला की दुभत्या विदेशी गायीवर ताण सुरू होतो, असे मानतात. संकरित गाय त्याहून थोडे अधिक सोसते. मे महिन्यातील दुपारी कोरडे तापमान ४० आणि ओले २२ अंश असेल, तर निर्देशांक ८५ येतो. ऑगस्टमध्ये कोरडे ३१ आणि ओले २७ असेल, तर तो ८२ येतो. आकड्यांत फारसा फरक नसला, तरी मे महिन्यात रात्री हवा काहीशी निवते आणि गायीला शरीरातली उष्णता बाहेर टाकायला अवसर मिळतो. ऑगस्टच्या दमट रात्री तो अवसर मिळत नाही. घामाने आणि धापेने गाय थंड होते, पण हवाच ओलसर असेल तर घाम सुकणार कसा? म्हणून पावसाळ्यातले दूध घटणे हे चाऱ्यातल्या बदलाबरोबरच या दमटपणाचेही फळ असते, आणि कोकणपट्टीत शुद्ध किंवा जास्त रक्ताच्या फ्रीजियन गायी का रुळत नाहीत, याचेही हेच एक मोठे कारण आहे.

विण्याच्या महिन्याचा परिणाम दुहेरी असतो. संकरित गायीचे दूध व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी शिगेला पोहोचते आणि ही शीग जितकी उंच, तितके संपूर्ण वेत भरघोस. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत व्यालेल्या गायीची शीग थंडीत आणि बरसीमच्या हिरव्या चाऱ्यावर येते, तर एप्रिलमध्ये व्यालेल्या गायीची शीग जूनच्या झळांत अडकते. दुसरा परिणाम मात्र डोळ्यांना दिसत नाही. सुमारे ६० दिवसांच्या भाकड काळात कासेतील दूधपेशी नव्याने घडतात. हा काळ कडक उन्हाळ्यात गेला, तर पुढे चांगल्या हवेत वेत सुरू होऊनही गाय आपल्या कुवतीपेक्षा कमी दूध देते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी याच्याही पुढचे दाखवले आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात आई उष्णतेच्या ताणात असेल, तर पोटातली कालवड पुढे मोठी होऊन गाय झाल्यावरही कमी दूध देते. अशी गाय नोंदवहीत ‘हलक्या बापाची मुलगी’ म्हणून दिसेल, वस्तुतः तिच्या बापाचा त्यात काही दोष नसेल. आनुवंशिक आणि परिस्थितीजन्य कारणांची इतकी गुंतागुंत असताना एका गायीच्या एका वेतावरून तिच्या वंशाविषयी मत बनवणे मला अन्यायाचे वाटते.

वेताचा क्रमांक हा त्यातला सर्वांत सरळ घटक होय. पहिल्या वेताची गाय अजून वाढत असते आणि खाल्लेल्यातला एक भाग स्वतःच्या वाढीवर खर्च करते. दूध तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढत जाते. प्रकल्पाचे ४,००० किलोंचे उद्दिष्ट पूर्ण वयाच्या गायीसाठी होते, हे विसरून पहिल्या वेतांशी त्याची तुलना केल्यास चित्र विनाकारण निराशाजनक दिसते.

वेगळे कसे करायचे?

संकरित गायींच्या दुधाची आनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत ०.२ ते ०.३ च्या आसपास आढळते. याचा अर्थ असा, की एकाच गोठ्यात, एकाच वर्षी आणि एकाच ऋतूत व्यालेल्या गायींमध्ये दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे चौथा भाग पुढच्या पिढीकडे जाऊ शकणाऱ्या गुणांमुळे असतो. गोठा आणि ऋतू यांचे परिणाम वगळल्यानंतरचा हा चौथा भाग आहे. ते परिणाम न वगळता देशभरातल्या गायी सरसकट शेजारी मांडल्या, तर जनुकांचा वाटा आणखी लहान दिसेल. उरलेल्या फरकात काही भाग कायमच्या परिस्थितीचा असतो. कालवडपणी झालेली उपासमार किंवा कासदाहाने निकामी झालेला एक सड गायीचे दूध दर वेताला कमी ठेवतो, पण तिच्या मुलीकडे तो जात नाही.

आता दोन गोठे घेऊ आणि हाही हिशेब मानीवच समजू. पहिल्याची सरासरी ३,५०० किलो, दुसऱ्याची २,७००. दोन्हीकडे प्रत्येकी एक गाय ३,२०० किलो देते. आनुवंशिकता ०.२५ धरली, तर पहिल्या गोठ्यातली गाय आपल्या सोबतिणींपेक्षा पैदासमूल्याने, म्हणजे पुढच्या पिढीकडे जाऊ शकणाऱ्या गुणांनी, ७५ किलो खाली आणि दुसऱ्यातली १२५ किलो वर असल्याचा अंदाज निघतो. परंतु पहिला गोठा चाऱ्यामुळे पुढे आहे की तेथे मुळात चांगल्या वंशाच्या गायी आहेत, हे यावरून ठरत नाही. त्यासाठी एकाच वळूच्या मुली दोन्ही गोठ्यांवर असाव्या लागतात. लष्करी गोठ्यांवर गोठवलेल्या रेताने कृत्रिम रेतन होत असल्यामुळे तेच वळू दूरदूरच्या गोठ्यांवर वापरता आले, त्यांच्या मुली गोठ्यागोठ्यांना जोडणारे दुवे ठरल्या आणि रक्त व गोठा यांचा हिशेब निराळा काढता आला. माझ्या मते फ्रीजवाल प्रकल्पाचे खरे बळ रक्ताच्या प्रमाणात नव्हते, या दुव्यांत होते.

संतती चाचणीचे, म्हणजे मुलींच्या दुधावरून वळूची पारख करण्याचे, महत्त्व आकड्यांत पाहण्यासारखे आहे. आनुवंशिकता ०.२५ असताना वळूच्या आईच्या एका वेताच्या दुधावरून त्याचे पैदासमूल्य सांगितले, तर त्या अंदाजाची अचूकता (१ म्हणजे पूर्ण अचूक) ०.२५ एवढीच असते. दहा मुलींच्या नोंदी मिळाल्या की ती ०.६३ होते आणि पन्नास मुलींच्या नोंदींवर ०.८८ पर्यंत जाते. जाहिरातीत ठळक छापलेले ‘आईचे दूध’ किती तोकडा आधार आहे, हे यावरून लक्षात यावे. मात्र ही अचूकता वेळ मागते. वळू रेत देण्याजोगा होण्यास दोन वर्षे, मुली जन्मास येण्यास आणखी एक, त्या मोठ्या होऊन व्यायला अडीच ते तीन, आणि त्यांचे वेत पुरे व्हायला पाऊण वर्ष लागते. म्हणजे वळूच्या जन्मापासून निकालापर्यंत सुमारे सात वर्षे जातात.

या वाटेत एक अडचण अशी आली, की ती बाहेर फारशी बोलली जात नाही. संकरित वळूंपैकी बऱ्याच मोठ्या संख्येचे रेत गुणवत्तेत कमी पडते किंवा गोठवणे सोसत नाही, आणि फ्रीजवालही त्याला अपवाद नव्हता. उत्तम आईच्या पोटी जन्मलेला वळू रेताच्या कारणाने बाद झाला की त्याच्या जागी त्याच्याहून हलक्या वंशाचा वळू घ्यावा लागतो, आणि निवडीचा जोर तेवढा ओसरतो. दुधासाठी निवड करायची म्हणून योजना आखावी आणि प्रत्यक्षात ती निवड बरीचशी शुक्रजंतूंच्या टिकाऊपणावर खर्च व्हावी, असा हा पेच होता. आईकडून आलेले दुधाचे गुण कागदावर कितीही वजनदार असले, तरी नळकांडीत गोठलेले रेत वितळल्यावर जिवंत राहिले नाही तर ते पुढच्या पिढीत पोहोचत नाहीत.

फलित आणि त्यानंतर

फ्रीजवाल गायींची वेताची सरासरी साधारण तीन हजार ते साडेतीन हजार किलोंच्या पट्ट्यात राहिली. निवडक गायी ४,००० च्या पुढे गेल्या, पण संपूर्ण कळपाची सरासरी त्या उद्दिष्टापर्यंत गेली नाही. याला अपयश म्हणणे मला पटत नाही. ज्या हवामानात शुद्ध फ्रीजियन जगवतानाच दमछाक होते, तेथे हजारो गायींनी हे दूध दिले आणि त्या गायींची वंशावळ व नोंदी मागे राहिल्या. उद्दिष्ट आणि सरासरी यांच्यातल्या फरकाचा मोठा भाग गोठ्यांच्या फरकात होता. चांगल्या गोठ्यावरची फ्रीजवाल आणि मागे पडलेल्या गोठ्यावरची फ्रीजवाल एकाच वळूच्या मुली असू शकत होत्या.

२०१७ साली उरलेले ३९ लष्करी गोठे बंद करण्याचा निर्णय झाला आणि ३१ मार्च २०२१ रोजी ही यंत्रणा औपचारिकपणे संपली. गायी सरकारी विभागांकडे आणि सहकारी दूध संस्थांकडे सोपवायच्या ठरल्या. पैदासशास्त्राच्या दृष्टीने ही हानी दुहेरी होती. पिढ्यान्‌पिढ्या एका विशिष्ट व्यवस्थेत निवडलेल्या गायी निराळ्या चाऱ्यावर आणि निराळ्या हातांत गेल्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोठ्यागोठ्यांना जोडणारे मुलींचे दुवे तुटले. गायी विखुरल्या तरी दूध देत राहतात. नोंदी विखुरल्या की त्यांतून वळूचे मूल्य काढता येत नाही.

शेतकऱ्यांच्या दारातल्या गायींवर संकरित वळूंची चाचणी घेण्याचे काम देशात काही ठिकाणी चालत आले आहे आणि पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथील बाएफ हे त्यांतले एक ठिकाण आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उभारलेल्या या संस्थेने गोठवलेले रेत आणि दारापर्यंतची कृत्रिम रेतनाची सेवा महाराष्ट्रातल्या गावोगाव नेली. येथे नोंदीची पद्धत वेगळी ठेवावी लागते. लष्करी गोठ्यावर रोजचे दूध लिहिले जाई. गावात नोंदणी करणारा महिन्यातून एकदा येतो, त्या दिवसाचे सकाळ-संध्याकाळचे दूध मोजतो आणि अशा दहाएक नोंदींवरून संपूर्ण वेताचा अंदाज काढला जातो. शेतकऱ्याकडे दोनच गायी असतील तर गोठ्याची सरासरी काढण्यात अर्थ नसतो, म्हणून एका गावातल्या किंवा गटातल्या, एकाच ऋतूत व्यालेल्या गायी परस्परांच्या सोबतिणी धरल्या जातात. त्यात एकीला लसूणघास आणि मुरघास, दुसरीला उसाचे वाढे, हा फरक लपून राहतो आणि वळूच्या मूल्यात चूक बनून शिरतो. मुलींची संख्या पुरेशी वाढवणे हाच त्यावरचा उपाय आहे. शंभर मुली असतील तर एकीचा भरपेट चारा आणि दुसरीची उपासमार एकमेकींना बऱ्याच अंशी छेदून जातात.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे देशी बनावटीची जीनोमिक चिप, म्हणजे जनावराच्या जनुकांतल्या हजारो खुणा एकाच वेळी वाचणारे साधन, जाहीर झाली. वासराच्या रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून त्याचे पैदासमूल्य अंदाजण्याची वाट त्यामुळे मोकळी होते आणि सात वर्षांची प्रतीक्षा कमी होऊ शकते. पण जनुकाची कोणती खूण किती दुधाशी जोडलेली आहे, हे चिप स्वतः ठरवत नाही. ज्यांचे दूध, वेत, विण्याचा महिना आणि सांभाळ यांच्या नोंदी आहेत, अशा हजारो गायींच्या संदर्भकळपावरून ते ठरते. संकरित गायींसाठी तर एकाच जनुकखुणेचा परिणाम ती साहिवालकडून आली की फ्रीजियनकडून, यावरही बदलू शकतो, म्हणून शुद्ध जातींवर बेतलेली समीकरणे त्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात आज ज्या गायी दावणीला आहेत, त्यांत गीर, खिलार, डांगी आणि गावठी आयांवर चढलेले जर्सी व फ्रीजियन रक्त निरनिराळ्या प्रमाणांत मिसळलेले आहे. त्यांच्यासाठी लागणारा संदर्भकळप अंबाल्याच्या किंवा मेरठच्या नोंदींतून उसना घेता येणार नाही. तो येथल्याच गोठ्यांवर, कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह, महिन्यागणिक मोजलेल्या दुधातून उभा करावा लागेल.